आत्याची पत्रपेटी : जहाज सुटण्याआधीची दुपार

बालमित्रांनो,

या आठवड्यात पत्रपेटीतलं एकच पत्र घेते आहे. पत्र लांबलचक आहे आणि माझं उत्तर त्याहून लांबलचक होणार आहे, हे आधीच सांगून टाकते. पत्र आहे अंबड तालुक्यातल्या एका आठवीतल्या मैत्रिणीचं. नाव छापू नको म्हणालीय. का, ते पत्र वाचलंत की कळेल.

"प्रिय आत्या, आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून पुण्याच्या काकानं आम्हा सगळ्यांची जहाजाची तिकिटं काढलीत. मुंबई ते गोवा! भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी रात्री जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी मुंबई. जहाज रात्री सुटणार, पण साडेपाचला बंदरावर हजर व्हायचं आहे. काका म्हणाला, मोठी माणसं सामान आणि कागदपत्रं बघतील, दुपारी छोट्यांना तू सांभाळ. छोटे म्हणजे माझा भाऊ, साडेचार वर्षांचा, आणि काकाची मुलगी, तीन वर्षांची. मी मुंबई एकदाच पाहिलीय. दुपारी त्यांना कुठं कुठं नेऊ? यादी पाठव.

दुसरी गोष्ट. माझा भाऊ म्हणतोय, मी येणारच नाही. आमच्या शेतात विहीर आहे. आजी त्याला रोज सांगते, तिकडं फिरकायचं नाही, पाणी ओढून नेतं. आता तो विचारतो, विहिरीजवळ जाऊ नको म्हणता आणि समुद्रात चल म्हणता, असं कसं? मी त्याला म्हटलं, जहाज कधीच बुडत नसतं. तर म्हणाला, शपथ घे. मी घेतली नाही. घ्यायला हवी होती का? त्याला कळलं मी हे तुला लिहिलं, तर तो रुसून बसेल, म्हणून नाव छापू नको."

आता तूच सांग, या पत्राला चार ओळींत उत्तर देऊन कसं भागेल?

शपथ घेतली नाहीस ते उत्तम केलंस. त्याच्याकडे नंतर येते. आधी यादीचं बघू. यादी मी पाठवणार नाही. का पाठवणार नाही ते कळायला माझी फजिती ऐकावी लागेल.

२०२२ च्या दिवाळीत मी, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुलं अशी आमची वरात अशाच जहाजासाठी मुंबईला गेली होती. थोरली तेव्हा सहावीत, मधला दुसरीत आणि शेंडेफळ चार वर्षांचं. आम्हीही देवगिरीनंच गेलो. सकाळी सात-साडेसातला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो आणि मी जाहीर केलं, "संध्याकाळपर्यंत वेळच वेळ आहे. आज सगळी मुंबई बघून टाकू!" टाकू! जणू काही मुंबई म्हणजे संपवून टाकायचा वरणभात.

मग काय विचारता! आधी राणीचा बाग. तिथं पेंग्विन पाहिले, शेंडेफळाला ते फार आवडले, पण त्याला तिथं दोन तास उभं राहायचं होतं आणि मला पुढं जायचं होतं. त्याला ओढत काढलं. मग महालक्ष्मी. मग हाजी अलीसमोरून टॅक्सीतूनच "तो बघा दर्गा!" मग चौपाटी, भर दोन वाजता, उन्हात. वाळू इतकी तापलेली की मुलं एका पायावर नाचायला लागली. मधल्यानं बर्फाचा गोळा सदऱ्यावर सांडला. थोरलीची चप्पल तुटली. आणि मी आपली हातात कागद घेऊन पुढचं ठिकाण वाचतेय! शेवटी गेटवेला निघालो तर टॅक्सी वाहनांच्या गर्दीत अडकली ती अडकलीच. वहिनी घड्याळाकडे बघेनात आणि माझ्याकडेही बघेनात. बंदराच्या दारापाशी आम्ही पोचलो तेव्हा शेवटची काही मिनिटं उरली होती.

पण खरी फजिती पुढंच आहे. जहाजावर पाऊल ठेवलं आणि शेंडेफळ भावाच्या खांद्यावर गाढ झोपलं. जहाज हललं, भोंगा झाला, सगळी मुंबई दिव्यांची माळ होऊन मागं मागं जायला लागली, कठड्यापाशी लोक टाळ्या वाजवत होते, आणि आमचं पिल्लू खोलीत घोरतंय. जी गोष्ट दाखवायला एवढ्या लांब आणलं, तीच त्यानं पाहिली नाही. सकाळी डोळे चोळत उठला आणि त्यानं मला विचारलं, "आत्या, जहाज कधी सुटणार?"

मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. यादी माझी होती, झोप त्याची गेली.

म्हणून तुला सांगते, साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना एका दुपारी एकच जागा. फार तर दीड. आणि ती बंदराच्या जवळचीच. जहाजं सुटतात ती बॅलार्ड पियरपासून. आपलं स्टेशन तिथून साधारण एक किलोमीटरवर, गेटवे दोनेक किलोमीटरवर. ह्या टापूच्या बाहेर पडायचंच नाही. राणीचा बाग, चौपाटी हे सगळं परतीच्या दिवसासाठी ठेवा. घारापुरी तर मुळीच नको. लाँचनं तास जायला, तास यायला, वर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. तारापोरवाला मत्स्यालयाचं नाव आई-बाबा काढतील, कारण त्यांनी लहानपणी ते पाहिलेलं असेल. १९५१ सालापासूनचं ते मत्स्यालय २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं, तेव्हा चौकशी केल्याशिवाय छोट्यांना मासे कबूल करू नका. कबूल केलेला मासा दिसला नाही तर काय होतं ते मी सांगायला नको.

(मासा म्हटल्यावर आठवलं. तुझ्या अंबडला मत्स्योदरी देवीचा डोंगर आहे ना, माशाच्या आकाराचा? भावाला म्हणावं, समुद्र आपल्याकडे नाही, पण त्यातला मासा आधीच येऊन बसलाय.)

आता एक सूचना तुझ्यासाठी नाही, काकासाठी आहे, त्याला हा परिच्छेद मुद्दाम वाचून दाखव. काका, आठवीतली मुलगी हुशार असली तरी अनोळखी शहरात दोन छोट्यांना घेऊन तिनं एकटीनं फिरायचं नाही. बरोबर एक मोठं माणूस हवंच. आजोबा चालतील. आजोबांना कागदपत्रांच्या रांगेत उभं करण्यापेक्षा नातवंडांबरोबर बसवलेलं बरं. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस, त्यांना तेवढं सुख द्यायला काय हरकत आहे?

तर सकाळपासून सुरू करू. स्टेशनवर उतरलात की घाई न करता तोंडं धुवा, धपाटे-दशम्या खा. आईनं शेंगदाण्याची चटणी दिलेलीच असेल. जहाजावर बाहेरचं खाणं बहुधा नेऊ देत नाहीत, म्हणून डबा दुपारपर्यंत संपवायचा हिशेबानंच आणा. काकानं खोली घेतली नसेल तर मोठं सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं. कुलपं जालन्यातूनच घेऊन निघा.

मग स्टेशनच्या बाहेर येऊन इमारतीकडे तोंड करून उभे राहा. ही इमारत १८७८ साली बांधायला घेतली आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा तिचा वास्तुकार. २००४ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. पण हे सगळं छोट्यांना सांगू नकोस, ते ऐकणार नाहीत. त्यांना एवढंच सांग, "या भिंतींवर प्राणी लपलेत. कोण आधी शोधतं?" दाराच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. वर पाहिलंत तर मोर आहेत, माकडं आहेत, मुंगूसही आहे. तीन वर्षांच्या मुलीला मोर दिसला की ती अर्धा तास दुसरं काही मागत नाही. बिनपैशाचा खेळ आहे हा, आणि मान दुखली की आपोआप संपतो.

त्यानंतर सरळ झोप. हो, झोप! बारा-साडेबारापासून दोन-अडीचपर्यंत. खोली असेल तर खोलीत, नसेल तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात आजीच्या मांडीवर. मुंबईत येऊन झोपायचं का, असं तू म्हणशील. तुला झोप येत नसेल तर तू पुस्तक वाच. छोट्यांनी मात्र दुपारी झोपलंच पाहिजे, नाहीतर रात्री आठला तुझ्या भावाचं आमच्या शेंडेफळासारखं होईल.

झोपेआधी किंवा उठल्यावर एक प्रयोग करायचा आहे. घरून एक स्टीलची वाटी, एक खिळा आणि मूठभर सुटी नाणी पिशवीत टाक. आपण जालन्याची माणसं, लोखंडाची ओळख आपल्याला कुणी करून द्यायला नको. सळयांनी भरलेले ट्रक आपल्या औद्योगिक वसाहतीतून रात्रंदिवस निघत असतात. भावाला विचार, सळई पाण्यात टाकली तर काय होईल? तो म्हणेल बुडेल. बादलीत खिळा टाक. बुडाला. आता वाटी अलगद पाण्यावर ठेव. तरंगली! खिळ्यापेक्षा वाटी कितीतरी जड, तरी तरंगली. असं का?

कारण वाटी पोकळ आहे. तिच्या पोटात हवा आहे, म्हणून ती खिळ्यापेक्षा खूप जास्त पाणी बाजूला सारते, आणि ते बाजूला सारलेलं पाणी तिला खालून वर ढकलतं. जितकं पाणी सारलं, त्याच्या वजनाइतका जोर वर लागतो. विज्ञानाच्या पुस्तकात आर्किमिडीजचं तत्त्व म्हणून आहे ना, तेच. आता वाटीत एकेक नाणं टाकायला सांग. वाटी थोडीथोडी खाली जाते, कारण ओझं वाढलं की तिला जास्त पाणी सारावं लागतं. किती नाण्यांना बुडते ते भावालाच मोजू दे. त्याला बुडवू दे! स्वतःच्या हातानं बुडवलं की कशामुळं बुडतं ते कळतं. मग वाटी तिरकी करून दाखव, पाणी आत शिरलं की ती क्षणात तळाला. म्हणूनच मोठ्या जहाजाच्या पोटात एकच मोठी पोकळी नसते, भिंती घालून कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तर दार बंद करून ते तिथंच अडवायचं. आणि जड यंत्रं ठेवतात तळाशी. बूड जड असलेली बाहुली कितीही ढकलली तरी परत उभी राहते, तसंच.

२०२१ पासून मुंबईहून पर्यटकांना घेऊन निघणारं एक जहाज दोनशे मीटरपेक्षा जास्त लांब होतं. तुमच्या शाळेच्या मैदानाची लांबी मोज आणि मग हिशेब कर.

आता तुझा खरा प्रश्न. जहाज कधीच बुडत नसतं, असं भावाला सांगू नकोस, कारण ते खरं नाही. एकदा त्याला कळलं की ताई खोटं बोलली, की पुढं तू काहीही सांग, तो शपथच मागणार. जहाजं बुडाली आहेत. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेवर माणसं गेली. पावसाळा होता, अमावास्या होती, लोक सणासाठी घरी चालले होते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, त्यातही माणसं गेली. हे सगळं साडेचार वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही, पण तुला ठाऊक असायला हवं. त्याला एवढंच सांग, "बोट बुडू शकते. क्वचित. म्हणून काय करायचं हे आधीच सगळ्यांना शिकवतात. तू पण शिकणार आहेस."

आणि खरंच शिकवतात. मोठ्या जहाजावर प्रवाशांची कवायत असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं प्रचंड जहाज खडकावर आपटून आडवं झालं. त्या वेळी नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर जगभरचा नियम कडक झाला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ही कवायत व्हावीच लागते. धोक्याचा इशाराही ठरलेला आहे, जगातल्या कुठल्याही जहाजावर एकच. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब. सात छोटे, एक लांब. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट घालायचं. छोट्यांच्या मापाची जाकिटं वेगळी असतात. खोलीत गेल्यावर ती मागून घ्या, आजीला लाज वाटली तरी.

हा इशाऱ्याचा खेळ दुपारीच खेळून घे. तू तोंडानं भोंगा कर, पों पों पों, सात वेळा, मग एकदा पोंsss. छोट्यांनी धावत येऊन आजोबांच्या काठीला हात लावायचा. मधेच सहाच पों कर, फसव त्यांना. आमच्या शेंडेफळाला पुढं हा खेळ इतका आवडला की तो जालन्यात शेजाऱ्यांनाही गोळा करायला लागला. आणि एक गंमत सांगते. भीती वाटणाऱ्या मुलाला काम दिलं की तो भ्यायचं विसरतो असं नाही, पण भीत भीत का होईना, काम करतो. भावाला म्हण, "जहाजावर खरा भोंगा झाला की तू मोजायचं. मी विसरले तर?"

आजीचं मात्र चुकलं नाही हं. विहिरीला कठडा नाही, पायऱ्या निसरड्या, खाली माणूस नाही. तिथं साडेचार वर्षांच्या पोरानं जायचंच नाही. भावाला फरक समजावून सांग. विहिरीजवळ तू एकटा जाशील म्हणून आजी रागावते. जहाजावर कठडा असतो, माणसं असतात, जाकीट असतं, आणि तरीही कठड्यावर चढायचं नाही. नियम तोच आहे. आजीनं घातलेला.

आता अडीच-तीन वाजले. उठलात, चहा-दूध झालं. चला गेटवेला. वाटेत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागतं. १९२२ साली ते लोकांसाठी उघडलं, आणि २०१९ पासून त्याच्या आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे. तू एकटी असतीस तर मी तुला दिवसभर तिथंच सोडलं असतं. छोट्यांबरोबर मात्र फार तर अर्धा तास, तोही ऊन कडक असेल तरच. प्राण्या-पक्ष्यांचं दालन बघा आणि बाहेर या. पुतळे, चित्रं, नाणी पुढच्या वेळी.

गेटवेवर पोचल्यावर पहिलं काम. समोरच्या बागेत घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ ला बसवलेला. मोठ्यांनी ठरवून ठेवायचं, चुकामूक झाली तर महाराजांपाशी भेटायचं. छोट्यांना मात्र "शोधत ये" असं कधी सांगू नये. त्यांनी जिथं आहेत तिथंच थांबायचं आणि खाकी कपड्यातल्या पोलिसमामांना हाक मारायची. दोघांच्या खिशात आई-बाबांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव, आणि कपडे भडक रंगाचे घाल. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे, तो तू पाठ कर. ही सगळी तयारी कशाला, असं वाटेल. अगं, त्याच फजितीच्या दिवशी मी गेटवेवर पाण्याची बाटली विकत घ्यायला पर्स उघडली, आणि तेवढ्यात आमचं शेंडेफळ कबुतरांच्या मागं गेलं. पाच-सात मिनिटं ते दिसलं नाही. सापडलं ते मक्याच्या कणसवाल्याजवळ, शांतपणे निखाऱ्यांकडे बघत उभं. त्या पाच-सात मिनिटांत मला काय काय दिसलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, भावालाही नाही. आता तो हे वाचेल.

समुद्राकाठच्या भिंतीजवळ बसायला जागा शोधा. दुपार कलली की ऊन ताज हॉटेलच्या मागं जातं आणि तिकडं सावली यायला लागते. आता काय करायचं? काहीच नाही. पाणी बघायचं.

खरं सांगते, हे मला आमच्या शेंडेफळानंच शिकवलं. त्या फजितीनंतर पुढच्या वर्षी मी त्याला एकट्यालाच मुंबईला नेलं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीनं. गाड्या पोटात घेऊन जाते बघा, २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली ती. आमच्या बोटीला वेळ होता. या वेळी हातात कागद नव्हता. गेटवेच्या भिंतीशी आम्ही दोघं बसलो. त्यानं तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आपला घाणेवाडीचा तलाव, कारण जहाजावर तो बहुतेक वेळ झोपेतच होता. खाली पाण्याच्या कडेला एक काळा दगड होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आत्या, दगड छोटा झाला." मी म्हटलं, दगड कसा छोटा होईल? आणखी थोड्या वेळानं दगडाचं टोक तेवढं उरलं. मग तेही गेलं. तो उठून उभाच राहिला. "पाऊस नाही पडला. धरणाचं दार नाही उघडलं. मग पाणी कुठून आलं?"

सांगा बरं, किती सुंदर प्रश्न आहे! आपल्याकडे पाणी वाढलं म्हणजे वर कुठंतरी पाऊस झाला किंवा जायकवाडीतून सोडलं. इथं तर रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चंद्र ओढतो, सूर्यही थोडा हात लावतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा मोठी भरती, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी होते, तेव्हाच्या लहान भरतीला कोकणात भांगाची भरती म्हणतात. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरपेक्षाही जास्त फरक पडतो. म्हणजे घराचा एक मजला बुडेल आणि परत वर येईल इतका!

आणि भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, कालनिर्णय पुरे. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण जमतं. तुम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री निघणार, म्हणजे मुंबईत पोचाल चतुर्थीला. चार त्रिक बारा, भागिले चार, आलं तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं असेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागेल. तिथी मागंपुढं होतात, तेव्हा कालनिर्णय नीट बघ. भिंतीवर पाणी कुठवर आहे ते लक्षात ठेवा. साडेचारला निघताना पुन्हा बघा, ओला पट्टा हातभर तरी उघडा पडलेला असेल. भावाला मात्र आधी काही सांगू नकोस. त्यालाच दिसू दे. वाट बघ. आणि छोटी कंटाळली तर तिला बोटी मोजू दे, तीनपर्यंत मोजून पुन्हा एकपासून.

आमचं शेंडेफळ त्या दिवशी पाऊण तास गप्प बसलं होतं. बोटीत चढताना त्यानं माझा हात घट्ट धरला, सोडला नाही. भीती गेली नव्हती. पण मधेच माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, आपण वर वर चाललोय ना? पाणी चढतंय म्हणून?" आणि मग धक्का मागं जाईपर्यंत डोळे टक्क उघडे.

साडेचारला गेटवेवरून उठलात की पाचपर्यंत बंदर. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधून जाल, तेव्हा छोट्यांना सांग, आपण चालतोय तिथं पूर्वी समुद्र होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शेजारची गोदी खणली आणि निघालेल्या मातीनं हा भाग भरून काढला. मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या खोलीत यायला रात्र होऊ शकते. म्हणून छोट्यांचे कपड्यांचे जोड, औषधं, सर्वांची ओळखपत्रं आणि भावाचं जे काय उशाशी लागत असेल ते, सगळं हातातल्या पिशवीत. रात्रीचं जेवण हलकं करा. पोट रिकामं नको, तेलकटही नको. मळमळलं तर उघड्या डेकवर येऊन लांबच्या क्षितिजाकडे बघायचं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना खोलीची भिंत स्थिर दिसते, त्या दोघांच्या भांडणातून मळमळ होते. डोळ्यांनाही हलणं दिसलं की भांडण मिटतं. गोळी द्यायची झाली तर छोट्यांना डॉक्टरांना विचारूनच.

आणि जहाज सुटताना भावाला उचलून घे, म्हणजे कठड्यावर चढायचा हट्ट करणार नाही. जड असेल तर बाबांकडे दे.

गोव्याहून आलीस की पत्र लिही. स्टेशनवर मोर किती सापडले, वाटी कितव्या नाण्याला बुडाली, पाऊणपटीचा हिशेब किती मिनिटांनी चुकला आणि भोंग्याचे सात आवाज कुणी मोजले, सगळं कळव. नाव छापणार नाही.

तुमची,
आत्या